दारावरची खूण, डब्यावरची खूण, पानावरची खूण

वरळीच्या बी.डी.डी. चाळीतला पत्ता सांगायला दोन आकडे पुरत असत. पहिला चाळीचा, दुसरा खोलीचा. घरमालकाचे नाव नको, गल्लीचे नाव नको, कोपऱ्यावरचे दुकान नको. गावाहून पहिल्यांदाच मुंबईत उतरलेला माणूस एवढे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून आणी आणि बरोबर भावाच्या दाराशी पोचे. वरळीत अशा १२१ चाळी होत्या आणि प्रत्येक चाळीत ८० खोल्या. म्हणजे दोन छोट्या आकड्यांनी ९,६८० दारे एकमेकांपासून वेगळी ओळखता येत.

या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. पुनर्विकासातल्या वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. दारांवरचे जुने आकडे यथावकाश नाहीसे होतील. पण त्या आकड्यांच्या निमित्ताने एका वेगळ्या विषयाकडे वळता येते. आज आपण फोनवर किंवा शाळेच्या संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्या पानावरही खुणा असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना 'टॅग' म्हणतात आणि या टॅगांचा कारभार पाहणारी साधनेही असतात. हे काहीतरी अगदी नवे आणि परके आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात खूण लावून माणसांच्या हालचाली नोंदवण्याचा उद्योग जुना आहे, आणि त्याचे चांगले-वाईट दोन्ही नमुने याच गिरणगावात पाहायला मिळतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्लेगचे वर्तुळ

बी.डी.डी. चाळी बांधल्या गेल्या त्या १९२० नंतरच्या दशकात. पण मुंबईच्या सरकारला कामगारांच्या घरांची काळजी वाटू लागली, तिचे मूळ त्याआधी पाव शतक मागे, १८९६ सालात सापडते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा आला आणि त्याच्या आधारे पथके घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागली.

या मोहिमेत खुणांचा सपाटा चालला होता. ज्या घरात रुग्ण सापडे, त्याच्या भिंतीवर वर्तुळ काढून शेजारी तारीख लिहीत. जी इमारत राहण्यास अयोग्य ठरे, तिच्यावर 'यू.एच.एच.' अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत. पथकाच्या दृष्टीने ही सोयीची रीत होती. रस्त्यावरून जाता जाता कोणत्या घरात किती रुग्ण झाले, केव्हा झाले, हे एका नजरेत कळे.

आता याच खुणेकडे घराच्या आतून पाहा. खूण लावणारा सरकारी माणूस, वाचणारा सरकारी माणूस. ज्याच्या भिंतीवर ती होती, त्या कुटुंबाला बहुधा ती अक्षरे वाचताही येत नसत. मात्र तिचा परिणाम त्यांना नेमका ठाऊक होता. रुग्णाला इस्पितळात नेणार, उरलेल्यांना छावणीत पाठवणार, सामान जाळणार. साहजिकच लोक रुग्ण लपवू लागले. मृत्यूचे कारण भलतेच सांगू लागले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत अशाच एका तपासणीवरून दंगल उसळली.

विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. मोजणी करणाऱ्याची भीती वाटू लागली, की मोजणीच बिघडते. थर्मामीटर बुडवल्याने पाण्याचे तापमान किंचित बदलते, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. माणसांच्या बाबतीत हा बदल किंचित राहत नाही. खुणेची धास्ती घेतलेला समाज खोटे आकडे देतो आणि त्या आकड्यांवर आधारलेले उपायही चुकतात.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून नवे रस्ते आणि चाळी बांधणे हे त्याचे काम. तरीही गिरण्या वाढत गेल्या आणि घरे कमीच पडत राहिली. अखेर १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत मुंबई विकास खाते उभे राहिले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बी.डी.डी.' हे नाव पडले. बेत मोठा होता. ६२५ चाळी, ५०,००० खोल्या. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर कर बसवला गेला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढे मात्र त्या अशा भरल्या, की एका खोलीत एकाहून अधिक बिऱ्हाडे किंवा डझनभर गाववाले राहू लागले.

गिरणीचा तिकीट नंबर

चाळीतल्या माणसाला खोलीच्या आकड्याखेरीज आणखी एक आकडा असे, तो गिरणीचा. कामगार त्याला 'तिकीट नंबर' म्हणत. हजेरीच्या कचेरीत त्याचे नाव मागे पडे आणि नंबर पुढे येई. पाळीला आला की नाही, किती दिवस भरले, किती खाडे झाले, हे सारे त्या नंबरासमोर मांडले जाई.

नंबर असणे हे एका अर्थी भाग्याचे होते, कारण कायम कामगाराखेरीज 'बदली' कामगारांचा मोठा वर्ग गिरणीच्या दाराशी रोज उभा असे. कोणाला आत घ्यायचे हे मुकादमाच्या मर्जीवर. या मर्जीला आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. निवडलेल्या बदली कामगारांना कार्डे देण्यात आली. कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचे आणि जागा रिकामी असेल तर कार्डवाल्यांतूनच माणूस घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सरकारनेही बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली.

प्लेगच्या वर्तुळापेक्षा ही खूण एका बाबतीत निराळी होती. तिकीट, कार्ड, पास या वस्तू कामगाराच्या खिशात असत. नोंद मालकाच्या वहीत होती, पण तिची एक बाजू कामगाराच्या ट्रंकेतही राहिली.

याचे महत्त्व पुढे कळले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. दीर्घ लढ्यानंतर गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांत कामगारांना वाटा मिळाला आणि जून २०१२ मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली. त्या वेळी प्रश्न आला, की तुम्ही गिरणीत होता याचा पुरावा काय? ज्या कागदांना पुरावा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबराची प्रत, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा आणि राज्य विमा योजनेचा क्रमांक असे कागद होते. मालकाने हजेरीवर नजर ठेवण्यासाठी दिलेला आकडा तीस वर्षांनी कामगाराच्या हक्काची साक्ष देऊ लागला. ज्यांनी तो कागद जपला होता, त्यांना अर्ज भरता आला. ज्यांचा पुरात, आगीत किंवा घर बदलताना हरवला, त्यांना दारोदार फिरावे लागले.

तेव्हा दुसरा धडा असा. खूण चांगली की वाईट, हे तिच्या उद्देशावर ठरते खरे, पण तेवढ्यावरच नाही. ज्याच्यावर खूण केली त्याच्या हाती तिची प्रत आहे काय, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

डब्यावरचा पत्ता

आता तिसरा नमुना पाहू. मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्याची व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, असे मानले जाते. मावळ, खेड, जुन्नर अशा भागांतून आलेल्या माणसांनी ती वाढवली. डबा घरातून निघतो, सायकलीवरून स्टेशनात येतो, लोकलने शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, वाटेत तीन-चार हात बदलतो आणि जेवणाच्या सुट्टीला बरोबर त्याच माणसाच्या टेबलावर पोचतो. रिकामा डबा संध्याकाळी उलट्या वाटेने घरी येतो.

हे साधते झाकणावरच्या खुणेमुळे. सुरुवातीला रंगीत दोरे आणि रंगाच्या खुणा असत, पुढे अक्षरे आणि आकडे आले. नेहमी दिला जाणारा एक नमुना असा: 'व्हीएलपी', 'ई', मध्यभागी मोठा '३', आणि '९ ईएक्स १२'. यातले 'व्हीएलपी' म्हणजे विलेपार्ले, डबा निघाला ते स्टेशन. 'ई' म्हणजे तिथे डबा गोळा करणारा. '३' म्हणजे उतरण्याचे ठिकाण, चर्चगेट-नरिमन पॉइंटचा भाग. '९' म्हणजे तिथे वाटप करणारा, 'ईएक्स' म्हणजे एक्स्प्रेस टॉवर्स ही इमारत आणि '१२' म्हणजे मजला.

या खुणेत काय नाही, ते पाहा. जेवणाऱ्याचे नाव नाही. पगार, जात, गाव, डब्यात भाजी कोणती, काही नाही. डबा पोचवायला जेवढे लागते तेवढेच लिहिलेले आहे. शिवाय खुणेचा प्रत्येक भाग वेगळ्या माणसासाठी आहे. स्टेशनावर वर्गवारी करणारा मधला मोठा आकडा पाहतो, त्याला मजल्याशी कर्तव्य नसते. नेमून दिलेल्या कामापुरतीच माहिती नोंदवावी, हे तत्त्व आज माहितीच्या कायद्यांत मोठ्या शब्दांत लिहिलेले असते. डब्याच्या झाकणावर ते रंगाने लिहिलेले होते.

वर्तुळ, तिकीट आणि डबा असे तीन नमुने झाले. आता संगणकाकडे वळू.

विसराळू दुकानदार आणि त्याचा बिल्ला

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत वेबची रचना केली. भारतात सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या सेवेमुळे. त्या सुरुवातीच्या काळात संकेतस्थळाच्या मालकाला आपल्याकडे किती लोक येतात हे कसे कळे?

संकेतस्थळाची पाने 'सर्व्हर' नावाच्या संगणकावर ठेवलेली असतात. कोणी पान मागितले की सर्व्हर ते पाठवतो आणि स्वतःच्या वहीत एक ओळ लिहितो: अमुक पत्त्यावरच्या संगणकाने अमुक वेळी अमुक गोष्ट नेली. या ओळी मोजल्या की झाली मोजणी. पण यात मोठी गफलत होती. एका पानात नऊ चित्रे असली तर मजकुराची एक आणि चित्रांच्या नऊ, अशा दहा ओळी पडत. एक माणूस आला तरी वहीत दहा. मग 'आमच्याकडे महिन्याला लाख फेऱ्या' असे मालक अभिमानाने सांगत, त्यातले दहा हजारच खरे असत.

उलट चूकही होई. चाळीस विद्यार्थ्यांनी शाळेच्या एकाच जोडणीवरून पान उघडले, तर सर्व्हरला सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसत. याचे कारण वेबच्या मूळ रचनेत आहे. सर्व्हर हा विसराळू दुकानदारासारखा आहे. तुम्ही मीठ मागितले, त्याने दिले आणि तो तुम्हाला विसरला. लगेच साखर मागितली तरी त्याच्या लेखी तुम्ही नवे गिऱ्हाईक.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर उपाय काढला, तो म्हणजे 'कुकी'. सर्व्हर पहिल्या भेटीत ब्राउझरला एक छोटी मजकुराची चिठ्ठी देतो, तिच्यात बहुधा एक क्रमांक असतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवतो. गिरणीच्या तिकिटासारखेच हे. गिऱ्हाइकाची खरेदीची टोपली लक्षात राहावी, एवढाच तिचा मूळ हेतू होता.

पण एका पानात दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरचे चित्रही बसवता येते. मग तो दुसराही आपली चिठ्ठी देऊ लागला. हे चित्र दिसायलाच हवे असे नाही. रुंदी एक ठिपका, उंची एक ठिपका आणि रंग पारदर्शक. पान उघडले की ब्राउझर ते चित्र आणायला जातो आणि चित्राच्या मालकाकडे नोंद होते. असे अदृश्य चित्र दहा संकेतस्थळांवर बसवले, तर दहाही ठिकाणी फिरणारा माणूस एकच आहे हे त्या तिसऱ्याला कळते. दहा गिरण्यांच्या दारांत एकच मुकादम उभा असावा, तसे.

१९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा आली आणि टॅग बोलका झाला. पानात लिहिलेल्या चार ओळी आता पडद्याचा आकार, कोणत्या कळीवर बोट ठेवले, पान किती खालपर्यंत वाचले, हे सांगू लागल्या. यातली एक बाब शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. ही नोंद करून पाठवण्याचे काम पाहुण्याचाच फोन किंवा संगणक करतो. आपल्याविषयीची नोंद आपलेच यंत्र, आपल्याच खर्चाने, दुसऱ्याकडे पोचवत असते.

टॅगांची गर्दी आणि नोटीस बोर्ड

अमेरिकेतील सॅन दिएगो इथल्या अर्चिन या कंपनीचे असे मोजणीचे साधन गुगलने २००५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'गुगल अ‍ॅनालिटिक्स' या नावाने ते फुकट खुले केले. मोजणी स्वस्त झाली तशी टॅगांची गर्दी झाली. एक टॅग भेटी मोजण्याचा, एक जाहिरातींचा, एक समाजमाध्यमाचा, एक ग्राहकांचे मत विचारण्याचा. प्रत्येक टॅग पानात बसवायला प्रोग्रॅमरची मनधरणी करावी लागे. जाहिरातीची मोहीम आठवड्याभराची, आणि टॅग बसायला पंधरा दिवस. मोहीम संपली तरी जुना टॅग पानात तसाच पडून राही आणि पान संथ होई.

यातून टॅग व्यवस्थापनाची साधने निघाली. टीलियम, एन्सायटन अशा कंपन्या २००८-०९ च्या सुमारास या कामात उतरल्या आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये 'गुगल टॅग मॅनेजर' आले. कल्पना साधी आहे. चाळीच्या जिन्याशी प्रत्येकाने भिंतीला खिळे ठोकून पाट्या लावण्याऐवजी समितीने एक कुलपाचा नोटीस बोर्ड बसवावा. किल्ली ज्याच्याकडे, त्याने भिंतीला हात न लावता नोटिसा बदलाव्यात. टॅग मॅनेजरमध्ये या बोर्डाला 'कंटेनर' म्हणतात. त्याचा छोटा मजकूर पानांत एकदाच बसवायचा. नंतरचे सगळे बदल दूरच्या एका खात्यातून होतात.

त्या खात्यात मुख्यतः तीन गोष्टी ठरवायच्या असतात. समजा, एका शाळेच्या संकेतस्थळावर दहावीचे वेळापत्रक ठेवले आहे आणि ते कितीजणांनी उतरवून घेतले हे मुख्याध्यापकांना हवे आहे. 'काय करायचे' हे टॅग सांगतो: मोजणीच्या सेवेकडे एक नोंद पाठव. 'केव्हा करायचे' हे ट्रिगर सांगतो: वेळापत्रकाच्या दुव्यावर बोट पडेल तेव्हा. 'कोणत्या तपशिलासह' हे व्हेरिएबल सांगतो: त्या फाइलीचे नाव आणि पानाचा पत्ता. बदल आधी चाचणीच्या खिडकीत पाहून घेता येतो आणि मगच तो प्रसिद्ध करायचा. प्रत्येक प्रसिद्धीला क्रमांक मिळतो. चूक झाली तर मागच्या क्रमांकावर परत जाता येते.

सोय मोठी आहे यात शंका नाही. महिनाभराने मुख्याध्यापकांना कळेल, की वेळापत्रक तीनशे वेळा उतरवले गेले पण 'शिष्यवृत्ती' हे पान जवळजवळ कोणी उघडलेच नाही. मग तो दुवा वर आणायचा की फलकावर सूचना लावायची, याचा विचार करता येईल. मात्र तीनशे वेळा म्हणजे तीनशे विद्यार्थी नव्हेत. एकाच मुलाने शाळेत आणि घरी उतरवले तर दोन. आईच्या एका फोनवर तिघा भावंडांनी पाहिले तर एक. ज्यांच्याकडे फोनच नाही ते या मोजणीत येतच नाहीत, आणि शिष्यवृत्तीची खरी गरज बहुधा त्यांनाच असते.

आणि नोटीस बोर्डाची किल्ली? ती ज्याच्या हाती, तो बोर्डावर काहीही लावू शकतो. चाळीतली नोटीस निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. टॅग दिसत नाही. मोजणीसाठी बसवलेल्या कंटेनरमध्ये उद्या कोणी जाहिरातदाराचा टॅग घातला, तर पानात वरवर काहीच बदलत नाही. प्रोग्रॅमरलाही कदाचित पत्ता लागत नाही.

चार प्रश्न

कोणतीही खूण समोर आली की चार प्रश्न विचारावेत. लावली कोणी? वाचतो कोण? कामापुरतेच सांगते की जास्त? आणि ज्याच्यावर ती आहे, त्याच्या हाती तिची प्रत आहे का?

प्लेगचे वर्तुळ पहिल्या दोन प्रश्नांतच नापास होते. डब्याची खूण तिसऱ्यात पैकीच्या पैकी गुण घेते. गिरणीच्या तिकिटाने, मालकाच्या मनात नसतानाही, चौथा प्रश्न सोडवला. पानावरच्या टॅगची गत काय? लावणारा एक, वाचणारा भलताच, माहिती बऱ्याचदा कामापेक्षा जास्त, आणि प्रत आपल्या हाती जवळपास कधीच नाही. तीस वर्षांनी एखाद्याला आपल्याविषयीच्या या नोंदी पुरावा म्हणून हव्या झाल्या, तर कोणत्या ट्रंकेत शोधणार?

कायदा या प्रश्नांकडे वळू लागला आहे. युरोपात मे २०१८ पासून माहिती संरक्षणाचा कडक नियम लागू झाला. 'आम्ही कुकी वापरतो, चालेल का?' अशा ज्या पट्ट्या आपल्याला पानांवर दिसतात, त्या मुख्यतः युरोपच्या नियमांमुळे. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. शिक्षकांच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब मुलांविषयीची आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांचा मागोवा घेऊ नये, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवू नयेत, असे कायदा सांगतो. शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत, पण त्या शैक्षणिक कामापुरत्या आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरत्या.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. वर्गातल्या पुस्तकांच्या कपाटाशी एक वही ठेवा. पहिल्या आठवड्यात जो पुस्तकाला हात लावील त्याने फक्त एक रेघ ओढायची. ही सर्व्हरची वही झाली. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला चिठ्ठीवर एक क्रमांक द्या. कोणाचा कोणता, हे एकाच मुलाला ठाऊक असावे. रेघेऐवजी आता क्रमांक लिहायचा. ही कुकी. दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी मांडा. रेघा किती आणि वेगळी मुले किती? मग विचारा, की क्रमांक आल्यावर कोणी पुस्तक घ्यायचे टाळले का? कोणी उगाच जास्त वेळा घेतले का? दोन्ही गोष्टी घडलेल्या असण्याचा संभव आहे, आणि तिथून प्लेगच्या वर्तुळाची गोष्ट सांगायला छान सुरुवात होते.

तिसऱ्या आठवड्यात मुलांनाच नियम लिहू द्या. वहीत काय नोंदवायचे, काय नाही, वही कोणी पाहायची, किती दिवसांनी फाडून टाकायची आणि आपली ओळ आपल्याला पाहता येईल का. शाळेचे संकेतस्थळ असेल, तर त्याच्या कंटेनरची किल्ली कोणाकडे आहे आणि आत कोणते टॅग आहेत, याची विचारणा शिक्षकांनीही करावी. वापरात नसलेले काढून टाकायला सांगावेत.

वरळीच्या चाळी पाडण्यापूर्वी कोणत्या खोलीत कोण पात्र, हे ठरवताना पुन्हा कागदच तपासले गेले. दारावरचा आकडा आणि ट्रंकेतला कागद जुळला, की नव्या घराचा रस्ता मोकळा. १९२० च्या दशकात भाडेवसुलीसाठी रंगवलेले आकडे शंभर वर्षांनी रहिवाशांच्या कामी आले, कारण ते दारावर होते, सगळ्यांना दिसत होते आणि त्यांची प्रत ज्याच्या त्याच्या घरात होती. आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला ज्या खुणा येतील, त्या निदान एवढ्या तरी उघड असाव्यात.